लोखंडी टोप

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते थोडं नंतर लिहून घातलंय.)



मला बोलायला उभं केलं तेव्हा मंडळींना वाटलं असणार, गोदीतला पोरगा आहे, कविता करतो, गोदीवर काहीतरी जळजळीत बोलेल. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या एका चित्रपुस्तकातल्या माणसावर. हसू नका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे तोडू नका.

त्याचं नाव मॅग्नेटो. जगातलं कुठलंही लोखंड त्याच्या हुकमात. हात उचलला की पूल उचलला जातो, बोट वळवलं की तोफेची नळी वळते. आणि त्याची एक जमात आहे, म्यूटंट. ही माणसं जन्मतःच काहीतरी वेगळं घेऊन येतात, वयात आली की ते बाहेर पडतं. कुणाच्या डोळ्यांतून आग, कुणाची कातडी निळी. आणि बाकीचं जग त्यांचा द्वेष करतं, जन्मावरून. जन्मावरून म्हटल्यावर तुमच्यातल्या दोघातिघांनी मान वर केलीत ती मी पाहिली. बरोबर आहे. मीही तिथेच मान वर केली होती.

फाउंटनच्या फुटपाथवर रद्दीच्या ढिगात मला पहिलं पुस्तक मिळालं, कव्हर फाटलेलं. मी दहावी पास, इंग्रजी डिक्शनरीच्या काठीनं चालतं. दिवसभर आम्ही जहाजातनं पोलादाची कॉईलं काढतो, एकेक कॉईल कित्येक टनांचं. क्रेन उचलते, स्लिंग आम्ही लावतो, हॅचमधे खाली आम्ही उभे असतो. ते कॉईल डोक्यावरनं जाताना प्रत्येक माणूस मनात काय म्हणतो ते मला माहीत आहे. अशा माणसाला, हात न लावता लोखंड उचलणारा गडी पुस्तकात भेटला, तर त्याला काय होईल? मला ताप चढला. पुढची दोन वर्षं मिळेल तिथनं मी तीच पुस्तकं वाचली, रद्दीत, मित्राच्या मोबाईलवर, कुठेही.

कुणी म्हणेल, अमेरिकन भांडवलदारांचा माल, पोरांना गुंगवणारा. आहेच माल. पण समुद्रापलीकडनं आलेल्या गोष्टींची आपण शिसारी धरायची तर मग आपलं नाव कुठनं आलं? ऑक्टोबर १९६६ मधे कॅलिफोर्नियात ओकलंडला काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली आणि १९७२ मधे मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं ते नाव उचललं. गंमत अशी, की त्याच १९६६च्या जुलैमधे ‘ब्लॅक पँथर’ नावाचा एक काळा राजा चित्रपुस्तकातही आला होता, आणि तो काढणारे दोघे तेच, ज्यांनी मॅग्नेटो काढला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी. या दोघांचा त्या पार्टीशी संबंध नव्हता, पार्टीचा पुस्तकाशी नव्हता. पण हवेत एक नाव तरंगत होतं, दोघांनी पकडलं.

हे दोघे न्यूयॉर्कच्या गरीब स्थलांतरित ज्यूंची पोरं. दोघांनी नावं बदललेली. ली मूळचा लीबर, कर्बी मूळचा कुर्ट्झबर्ग. कर्बी १९४४ला अमेरिकन फौजेतनं फ्रान्समधे लढून आला होता. नावं का बदलतात लोक, ते या सभेत सांगायला नको.

तर १९६३च्या सप्टेंबरमधे पुस्तकाचा पहिला अंक आला आणि पहिल्याच अंकात मॅग्नेटो खलनायक म्हणून आला. लष्कराचा तळ ताब्यात घेतो, आमची जमात श्रेष्ठ, आम्ही राज्य करणार, असं गरजतो. का? कारण काही नाही. आईबाप नाहीत, गाव नाही, मागचं काही नाही. नुसता संताप, लाल टोपासकट. आणि १९६४ला तो संघटना काढतो, तिचं नाव काय ठेवतो? ‘ब्रदरहुड ऑफ ईव्हल म्यूटंट्स’. दुष्ट म्यूटंटांचा बंधुसंघ! आता सांगा, कुठली संघटना स्वतःच्या लेटरहेडवर ‘दुष्ट’ असं छापते? वर्गणीच्या पावतीवर? हे नाव त्यानं ठेवलेलंच नाही, ते पेन ज्याच्या हातात होतं त्यानं ठेवलं. मोर्चा निघाला की पोलीस डायरीत ‘जमाव’ लिहितात ना, तसं.

मग अठरा वर्षं गेली. १९८१ मधे क्रिस क्लेअरमाँट नावाच्या लेखकानं त्याला भूतकाळ दिला. हा पोरगा आउश्वित्झमधे होता. हिटलरच्या छावणीत. त्याचं सगळं कुटुंब तिथे गेलं. म्हणजे अठरा वर्षं लोक ज्याला नुसता माथेफिरू म्हणून बघत होते त्याच्या मागे राखेचा डोंगर होता. मी हे वाचलं तेव्हा गोदीच्या गेटबाहेर चहा पीत होतो, चहा थंड झाला. आणि तेव्हापासून मी त्याचा झालो. अंध झालो म्हणा. खोलीत मी त्याचं चित्र लावलं. गँगमधली पोरं मला ‘लोहा’ म्हणायला लागली, मला ते आवडायचं.

पण १९८१चा तो अंक, दीडशेवा, त्यात फक्त भूतकाळ नाही. त्यात तो सगळ्या सरकारांना धमकी देतो, शस्त्रं टाका नाहीतर बघा. रशियाची पाणबुडी त्याच्यावर क्षेपणास्त्रं सोडते. तो ती पाणबुडी बुडवतो, आतल्या सगळ्या माणसांसकट. पाणबुडीत कोण असतं? पुढारी नसतात. खलाशी असतात. आपल्यासारखे, पगारी. मी पहिल्यांदा वाचताना हे पान उलटून पुढे गेलो होतो. खलाशांची तोंडं मला दिसली नाहीत, मला फक्त त्याचा हात दिसला, वर उचललेला.

पुढे त्याच अंकात एक तेरा-चौदा वर्षांची पोरगी त्याच्या यंत्रात शिरते आणि यंत्र मोडते. किटी प्राइड तिचं नाव. तीही म्यूटंट, भिंतीतनं आरपार जाते. तीही ज्यू. तो रागानं तिच्यावर वीज टाकतो. ती पडते. मग तो जवळ जातो आणि त्याला दिसतं की हे लेकरू आहे. त्याच्याच जमातीचं. ज्यांच्यासाठी सगळं चाललंय त्यातलं एक, आणि ते आपणच पाडलंय. तो तिला उचलून घेतो, लढाई सोडतो, जातो. पोरगी वाचते. हे नाव लक्षात ठेवा, किटी. मी परत येणार आहे तिच्याकडे.

इथे एक गोष्ट साफ करतो. शहाणी माणसं म्हणतात, मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, आणि त्याचा जुना दोस्त आणि विरोधक प्रोफेसर झेवियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग. मला हे पटत नाही. माल्कमनं कुठली पाणबुडी बुडवली? त्यानं जगावर राज्य मागितलं? तो बोलला, लिहिला, चुकला, बदलला आणि २१ फेब्रुवारी १९६५ला एकोणचाळीसाव्या वर्षी सभेत गोळ्या खाऊन मेला. त्याच्याकडे लोखंड नव्हतं, जीभ होती. आणि किंग काही बंगल्यात बसून शाळा चालवणारा श्रीमंत प्रोफेसर नव्हता, तो तुरुंगात जाणारा माणूस होता. खऱ्या माणसांना अशा पुस्तकी मापात कोंबू नका. मॅग्नेटो हा कुणाची नक्कल नाही. तो एक प्रश्न आहे. तुमची माणसं कमी होत चाललीत, जग त्यांना संपवतंय, आणि तुमच्या एकट्याच्या हातात प्रचंड ताकद आहे, तर तुम्ही काय कराल?

या प्रश्नासाठी एक बेट आहे त्या पुस्तकांत, जिनोशा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासचं. हे बेट १९८८ मधे पहिल्यांदा आलं, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचं राज्य चालू होतं तेव्हा. चकाचक देश, हिरवीगार झाडं, गुन्हेगारी नाही, गरिबी नाही. कसं काय? तर तिथे पोरांची तपासणी होते आणि जो म्यूटंट निघेल त्याला सरकार घेऊन जातं. डोकं भादरतात. नाव काढून घेतात, नंबर देतात. अंगावर असा पोषाख चढवतात की तो कातडीला चिकटून राहतो, कधीच उतरत नाही. मग खाणी, रेल्वे, सगळी कामं त्यांच्याकडून. आणि तिथली सभ्य कुटुंबं संध्याकाळी बागेत फिरायला जातात, त्यांना खरंच वाटतं की आपला देश फार चांगला आहे. साल्यांना खरंच वाटतं! ही चार अंकांची गोष्ट मी गँगमधल्या पोरांना दुपारच्या सुट्टीत सांगितली. मी सांगत होतो, ते भाकरी खात होते. कातडीला चिकटलेल्या पोषाखाशी आलो तेव्हा आमच्यातला एकजण, ज्याचा बाप गटारात उतरायचा, भाकरी हातात धरून नुसता बसून राहिला. त्याला मी काही समजावून सांगितलं नाही.

१९९९ मधे हे बेट मॅग्नेटोला मिळालं. मिळालं म्हणजे त्यानं पृथ्वीचं चुंबकत्वच हलवण्याची धमकी दिली आणि संयुक्त राष्ट्रसंघानं बेट देऊन टाकलं. अखेर त्याच्या जमातीला जमीन. तो राजा. लोक जगभरातनं यायला लागले. आणि २००१ला माणसं मारायला बनवलेली यंत्रं, सेंटिनेल, आकाशातनं आली आणि एका हल्ल्यात १ कोटी ६० लाख माणसं मारून गेली. ज्याच्या हुकमात जगातलं सगळं लोखंड, त्याच्या राज्यात हे झालं. मी याच्यावर फार बोलत नाही. आकडाच एवढा मोठा आहे की डोळ्यात पाणी येत नाही.

मला बोलायचंय ते लहान गोष्टींवर.

त्याच्या त्या पहिल्या संघटनेत एक होता, टोड. बेडूक. वाकलेला, कुरूप, उड्या मारणारा. मॅग्नेटोला देव मानायचा. मालक मालक करत पायाशी. आणि मॅग्नेटो त्याला काय करायचा? लाथ. सरळ लाथ. तीही म्यूटंटच ना जात? जमातीसाठी जग जाळायला निघालेला माणूस, जमातीतला जो सगळ्यात जवळ उभा, त्याला लाथ घालतो. दुसरी होती वांडा. तिच्या गावात लोकांनी तिला चेटकीण ठरवून घेरलं, मॅग्नेटोनं सोडवलं. ठीक. पण मग त्या उपकाराचा दोर तिच्या गळ्यात. तिला जायचं असलं की, आठवतं ना तुला कुणी वाचवलं? ती नको नको म्हणत त्याच्या लढाया लढली.

आणि टोप. त्याचा तो लोखंडी टोप. पुढच्या काळात त्याचं काम असं दाखवलं, की झेवियर मनातलं वाचू शकतो, मनाशी बोलू शकतो, ते आत येऊ नये म्हणून टोप. लढाईत ठीक आहे. पण हा माणूस जेवतानाही टोप घालतो की काय असं वाटतं. कुणाचंच काही आत जाऊ नये. जमात, जमात, जमात. आणि जमातीतल्या एकाचाही आवाज कानापर्यंत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बजावलं होतं, धर्मात भक्ती चालेल, राजकारणात भक्ती म्हणजे अधःपात आणि शेवटी हुकूमशाही. त्यांनी हे आपल्याच देशाला सांगितलं. आपल्या चळवळीत किती फुटी झाल्या आणि प्रत्येक फुटीत कोणाच्या डोक्यावर टोप होता त्याची यादी मी वाचत नाही, तुमच्याकडे ती माझ्यापेक्षा लांब आहे. मी माझं सांगतो.

आमच्या गँगमधे आम्ही चौदाजण होतो. ठेकेदाराकडे. आजोबांच्या वेळी नोंदणीचा कामगार होता, १९४८चा कायदा होता, डॉक लेबर बोर्डाचं कार्ड होतं. आता कंटेनर आले, १९८९ पासून न्हावा-शेवा पलीकडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं, या बाजूला माणसं आटत गेली. राहिलेल्यांत बरेचसे आमच्यासारखे, कार्डाशिवाय. म्हणजे कमी होत चाललेली जमात मला पुस्तकात शोधायची गरज नव्हती. एक दिवस स्लिंग तुटली आणि एकाचा पाय कॉईलखाली गेला. बूट साधे, टोकाला पोलाद नव्हतं, हातमोजे स्वतःच्या पैशाचे. आम्ही काम बंद केलं. बंद मी केलं, खरं सांगायचं तर. मी हॅचच्या कडेवर उभा राहून बोललो, कविताही म्हटली. चौदाच्या चौदा खाली बसले. मला वाटलं, हात उचलला की लोखंड उठतंय.

तिसऱ्या दिवशी एक पोरगा कामावर गेला. सगळ्यात नवा, मराठवाड्यातनं आलेला, एकोणीस वर्षांचा. गावाकडे आई आजारी, दर आठवड्याला पैसे लागत. तो आमच्याच खोलीत राहायचा, आम्ही आठजण एका खोलीत. आम्ही त्याला चहा आणायला पाठवायचो, पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडे, झाडू त्याच्याकडे. मला तो मानायचा. माझ्या कविता त्यानं वहीत उतरवून घेतल्या होत्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

रात्री तो परत आला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला गद्दार म्हणालो. एकदा नाही. आईवरनंही बोललो. तो काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही. त्याची चटई उचलली आणि दाराबाहेर फेकली. मी हात लावला नाही त्याला. हे मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं, की हात लावला नाही. तो चटई तिथेच टाकून पिशवी घेऊन गेला. त्या रात्री मला झोप छान लागली. जमात शुद्ध झाली होती.

मग दुसरा गेला. तो काही बोललाच नाही, सकाळी दिसला नाही. मग दोघे. मी प्रत्येकाला नाव देत गेलो, हा चमचा, हा भित्रा, हा विकला गेला. महिनाअखेर आम्ही पाच उरलो. ठेकेदारानं नवी माणसं आणली, काम सुरू झालं. बूट मिळाले नाहीत.

आमच्या गँगला एक म्हातारा होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. जुना हूकवाला, गोण्यांच्या काळातला. तो पाचात होता. रात्री बिडी ओढत मला म्हणाला, ‘लेका, ठेकेदारानं एकबी माणूस काढला नाही. नऊच्या नऊ तूच काढलेस.’

मला त्याचा फार राग आला. तीन दिवस बोललो नाही त्याच्याशी. आणि त्याच दिवसांत मी २००५चं पुस्तक वाचत होतो.

ते असं. वांडाची ताकद आता एवढी वाढलीय की ती जगच बदलू शकते. त्या वेळच्या पुस्तकांत ती मॅग्नेटोची लेक आहे. ती एक नवं जग करते, त्यात म्यूटंट बहुसंख्य, म्यूटंटांचं राज्य, आणि सिंहासनावर मॅग्नेटो. त्याला आयुष्यभर जे हवं होतं ते सगळं. मग बिंग फुटतं. आणि कळतं की हे जग करायला तिला तिच्या भावानं लावलं, बापाचं नाव पुढे करून. बाप चिडतो. एवढा चिडतो की पोराला मारून टाकतो. आणि मग ती लेक त्याच्याकडे बघते. तिचं म्हणणं असं, की तू आमच्याआधी त्यांना निवडलंस, जमातीला, आणि बघ आमचं काय झालं. आणि तीन शब्दांत ती अशी इच्छा बोलते, की ही जमातच नको. झालं. एका क्षणात लाखो म्यूटंट साधी माणसं होऊन जातात. जगभरात उरतात किती? पुस्तकात आकडा चालतो तो १९८. ज्याची ताकद गेली त्यात मॅग्नेटोही.

सरकारनं केलं नाही. यंत्रांनी केलं नाही. जिला त्यानं वाचवलं होतं, तिनं.

मी ते पान तीनदा वाचलं. चौदातले पाच. मग मी भिंतीवरचं चित्र काढलं. फाडलं नाही, घडी करून ट्रंकेत टाकलं. फाडण्याएवढा मी तेव्हाही धीट नव्हतो.

एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती खरी आहे, पुस्तकातली नाही. २००८-०९ला ग्रेग पाक नावाच्या लेखकानं मॅग्नेटोच्या पोरवयावर पाच अंकांची मालिका लिहिली. तिच्यात ताकद जवळजवळ नाहीच. एक ज्यू पोरगा आणि छावणी, बस. तो तिथे ‘झोंडरकमांडो’त असतो, म्हणजे मेलेल्यांची प्रेतं भट्टीत घालायला लावलेले कैदी. मला वाटलं हे लेखकानं रचलं. म्हणून मी शोधलं. खरं आहे. प्रेतं उचलायची जातच नेमली होती तिथे, आणि तिलाही काही महिन्यांनी मारून नवी आणत.

आणि त्या माणसांनी ७ ऑक्टोबर १९४४ला उठाव केला. दारू कुठनं आणली? छावणीशेजारच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लावलेल्या बायकांनी. चिमूट चिमूट चोरून, चिंधीत बांधून, कपड्यांत लपवून, महिनोन्‌महिने. एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. एका भट्टीची इमारत त्यांनी पेटवली. जवळजवळ सगळे मारले गेले. त्या बायकांतल्या चौघींना जानेवारी १९४५ मधे फाशी दिली, एकीचं नाव रोझा रोबोटा. त्यानंतर तीन आठवड्यांत रशियन फौज छावणीत पोचली. तीन आठवडे!

त्या उठावात झालमान ग्राडोव्स्की नावाचा माणूस मेला. तो रात्री लिहायचा. काय चाललंय, कोण आलं, कसं गेलं. लिहिलेलं त्यानं भट्टीजवळच्या जमिनीत पुरलं, एक वही ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या बाटलीत घालून. १९४५ला ती सापडली. मी कविता करतो आणि तुमच्यासमोर म्हणतो, टाळ्या घेतो. त्या माणसाला वाचणारा कुणी उरेल याचीही खात्री नव्हती. तरी त्यानं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. झाकण घट्ट लावलं पाहिजे हे ज्याला सुचलं, त्या माणसाचा मी रात्रभर विचार करत होतो. कुठलं लोखंड उचलता येत होतं त्याला? काही नाही.

आता परत मॅग्नेटोकडे आणि मग संपवतो. पुढे त्याची ताकद त्याला परत मिळते. ते कसं, ते फार गुंतागुंतीचं आणि मला विचाराल तर पाणचट आहे, सोडून देतो. तोपर्यंत उरलेले म्यूटंट सॅन फ्रान्सिस्कोजवळ समुद्रातल्या एका बेटावर जमलेत. पुढारी आहे सायक्लॉप्स, त्याच झेवियरच्या शाळेतला पोरगा, ज्याला मॅग्नेटोनं १९६३च्या पहिल्या अंकापासून झोडपलं. २००९च्या एका अंकात मॅग्नेटो त्या बेटावर येतो. सगळे लढाईच्या पवित्र्यात. आणि हा म्हातारा त्या पोरासमोर गुडघे टेकतो. मला जे आयुष्यभर जमलं नाही ते तू केलंस, आपली माणसं एका जागी आणलीस, असं त्याचं म्हणणं. कुणाचा विश्वास बसत नाही. बसू नयेच. पाणबुडी बुडालेलीच आहे.

आणि मग किटी. ती पोरगी आता मोठी झालेली. २००८च्या एका अंकात पृथ्वीवर एक राक्षसी गोळी सोडलेली असते, डोंगराएवढी, धातूची. किटी तिच्यात शिरून ती आख्ख्या पृथ्वीतनं आरपार नेते, पृथ्वी वाचते, पण ती स्वतः गोळीत अडकून अंतराळात दूर दूर निघून जाते. सगळ्यांनी सोडून दिलेली. जगाच्या हिशोबात एक पोरगी म्हणजे काय. पण १९८ मधली एक.

२०१०च्या अंकात मॅग्नेटो एकटा डोंगरावर जाऊन बसतो. कुणाला काही सांगत नाही. लोकांना वाटतं, झालं, म्हातारा परत काहीतरी कट करतोय. तो डोळे मिटून त्या गोळीला शोधतो, अंतराळात, कल्पनेपलीकडच्या अंतरावर, आणि ती ओढायला लागतो. ओढतो, ओढतो. गोळी परत येते, तो ती फोडतो, आतली पोरगी अलगद खाली उतरवतो. तीच, जिला एकोणतीस वर्षांपूर्वी त्यानं वीज टाकून पाडलं होतं. आणि मग तो स्वतः बेशुद्ध पडतो.

मी स्लिंग लावणारा माणूस आहे. वजन काय असतं ते मला कळतं. जिनोशा जिंकताना त्यानं पृथ्वी हलवली, पण ते मला आता नुसतं चित्र वाटतं. ही गोळी मला जड वाटली. कारण तिच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होतं.

जमातीचा आकडा पुढे २०१२ला परत वाढायला लागला. तो वांडा आणि होप नावाच्या एका पोरीनं मिळून वाढवला, मॅग्नेटोनं नाही. हे आपलं माहितीसाठी.

मागच्या महिन्यात मी भिवंडीला गेलो होतो. तो पोरगा तिथे एका गोदामात लागलाय असं मामाकडून कळलं. मामाकडे त्याचा फोन नंबर होता, सगळा वेळ होता, मी कधी विचारलाच नव्हता. चटई घेऊन गेलो. मूर्खपणा, माहीत आहे. गेटवर दोन तास थांबलो. तो बाहेर आला, मला पाहून थबकला, मग म्हणाला, ‘दादा, तू?’ आई गेली होती त्याची. त्याच महिन्यात गेली, चटई फेकली त्याच महिन्यात. तो ते सांगत होता आणि मी ऐकत होतो, या वेळी सगळं ऐकलं. बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. मी खिशात हात घातला तर म्हणाला, ‘राहू दे. तू नको देऊस.’ पैसे त्यानं दिले.

चटई बघितली. म्हणाला, ‘ही फाटलीय, ठेव तुझ्याकडेच.’

मग भोंगा झाला आणि तो आत गेला. पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे. येतो म्हणालेला नाही तो, पण मला सुट्टी आहे.

एवढंच होतं. जयभीम.